तेरा घरांचा फुगवटा

रुलिंग खात्यात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. हे बारसं फिटरमामांनी केलं होतं आणि ते तिला इतकं घट्ट चिकटलं की हजेरीला कुणी खरं नाव पुकारलं तर तीच क्षणभर इकडेतिकडे बघायची.

कारखाना वह्यांचा. कोऱ्या तावांवर रेघा मारणारं लांबलचक यंत्र, आणि त्याच्या शेवटी उंच स्टुलावर ती. दर पन्नासावा ताव उचलायचा, सुतार रंधा मारलेली फळी बघतो तसा डोळ्यांच्या पातळीत आडवा धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर पळवायची. केसभर ढळलेली रेघही तिच्या हातून सुटत नसे. उजवा डोळा तिचा हुकमी.

त्या मंगळवारी तिने ताव उचलला, डावा डोळा मिटला, आणि रेघा मधोमध फुगलेल्या दिसल्या. चादरीखाली लिंबू ठेवावं तशा. तिने दुसरा ताव उचलला. तोच फुगवटा. तिसरा, चौथा, तेच. तिने घंटा वाजवली.

"थांबवा! रेघा वाकड्या येतायत."

यंत्र थांबलं. फिटरमामा हात पुसत आले, वाकले, रेघा मारणाऱ्या चकत्या एकेक करून बघितल्या, रूळ फिरवून बघितला, काही नाही. तरी फूटपट्टीचा शब्द, म्हणून त्यांनी सगळ्या चकत्या काढल्या, धुतल्या, पुन्हा बसवल्या. त्यात दुपार झाली. यंत्र सुरू केलं. तिने पहिला ताव धरला.

"तस्संच आहे, मामा."

"कुठे?"

"हे काय, मधे. डोंगर झालाय नुसता."

मामांनी खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि तिच्यासमोर रेघेवर टेकवली. रेघ पट्टीला अशी बिलगली की मधून उजेडही जाईना. तिने डावा डोळा मिटून बघितलं आणि म्हणाली, "तुमची पट्टीच वाकलीय."

खात्यात हशा पिकला. मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ही पट्टी माझ्या वडिलांची आहे. ही वाकली तर समज, जग वाकलं."

मोजणीच्या टेबलावरच्या काकू उठून आल्या. गठ्ठ्यातले ताव अंगठ्याने फरफर मोजणाऱ्या या बाई खात्यात सगळ्यांत जुन्या. त्यांनी ताव घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "सरळ आहे गं पोरी. झोप झाली नाही का रात्री?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात तिची नजर खिडकीकडे गेली. डावा डोळा अजून मिटलेलाच होता. खिडकीचे उभे गज मधोमध फुगले होते. तिने नजर दाराकडे नेली, तर फुगवटा गजांवरून उतरून दाराच्या चौकटीवर जाऊन बसला. तिने उजवा डोळा झाकला. चौकट सरळ. डावा झाकला. चौकट पोटुशी.

यंत्र काही खिडकीच्या गजांवर रेघा मारत नव्हतं.

एरवी दोन्ही डोळे उघडे असताना डावा उजव्याचं सांभाळून घेत होता. ताव तपासताना मात्र तो रोज मिटलेला, आणि हुकमी डोळाच फितूर. म्हणून आख्ख्या जगात फक्त तिच्या तावांवरच्या रेघा तेवढ्या वाकत होत्या. तिला आधी हसू आलं, आणि मग तिने ताव खाली ठेवला.

"मामा," ती हळूच म्हणाली, "तुमची पट्टी सरळ आहे."

*

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई साठीच्या, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की वाक्य पुरं करणाऱ्या. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, हनुवटी टेकवून स्कॅन काढला, आणि चित्र पडद्यावर आणून म्हणाल्या, "डोळ्यातला पडदा मधल्या भागात सुटलाय. त्याखाली पाणी साठलंय."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. बिघाड म्हटलं की त्याचा हात पान्याकडे जायचा. "ऑपरेशन कधी करायचं?"

"करायचं नाही."

"म्हणजे?"

"पडदा दोन तऱ्हांनी सुटतो. एक म्हणजे फाटून. डोळ्यात विजा चमकतात, काळे ठिपके नाचायला लागतात, कडेने काळोख सरकत येतो. तसं झालं तर त्याच दिवशी धावत यायचं, ते ऑपरेशनचंच काम. यांचा फाटलेला नाही. भिंतीला ओल आली की रंगाला फोड येतो ना? खालून पाणी झिरपतं, वरचा थर उचलला जातो. ओल थांबली की फोड पुष्कळदा आपणहून बसतो."

"मग आम्ही काय करायचं?"

"वाट बघायची."

ती इतका वेळ पडद्यावरचं चित्र बघत होती. "वाट बघणं हे औषध आहे?"

"अवघड औषध आहे," बाई म्हणाल्या. "तीन-साडेतीन महिन्यांत बहुतेकांचं पाणी उतरतं. तुमच्या वयाच्या बायकांत हे कमी दिसतं, पुरुषांत जास्त. दम्याचा पंप, स्टिरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शन, असलं काही चालू आहे?"

"काहीच नाही. बाळंतपणानंतर डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतली नाही मी."

बाईंनी एक कागद दिला. त्यावर चौकोनी घरं आणि मधे ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, घरं कुठे वाकतात ते लक्षात ठेवायचं, आठवड्यातून एकदा.

आठवड्यातून एकदा! जिने मुलीच्या जन्मापासून तिच्या दुधाच्या, शी-शूच्या, शिंकांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या, तिला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे आठवड्यातून एकदा बघ म्हणण्यासारखं. दुसऱ्याच दिवशी तिने कारखान्यातून चौकटीच्या वह्यांच्या रद्दीतले ताव आणले. स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी ताव चिकटवायचा, भिंतीतल्या खिळ्याला दोरा बांधायचा आणि दोऱ्याचं दुसरं टोक नाकाला लावायचं, म्हणजे अंतर रोज तेच. वेळ सकाळी सातची. डावा डोळा झाकायचा, ठिपक्याकडे बघायचं, आणि नजर न हलवता जी घरं वाकलेली दिसतात त्यांच्याभोवती पेन्सिलीने कुंपण घालायचं. मग आडवी घरं मोजायची आणि कोपऱ्यात तारीख.

पहिल्या दिवशी नऊ घरं.

"आज लिफ्ट कितव्या मजल्यावर?" नवरा चहाचा कप घेऊन विचारायचा.

"नऊ."

"तळमजल्यावर यायला वेळ लागेल. ओव्हरलोड आहे."

पावणेदोन वर्षांच्या पिल्लूला वाटे, हा खेळ आपल्यासाठीच मांडलाय. तीही दोरा ओढून आपल्या नाकाला लावायची आणि तोंडाने "नव, नव" करायची.

खरं सांगायचं तर भीती होतीच. उजव्या डोळ्याने बघितलं की पिल्लूचं नाक बारीक व्हायचं, गाल आत ओढल्यासारखे दिसायचे, आणि चेहऱ्यावर मळक्या काचेचा पट्टा यायचा. एकदा तिने डावा डोळा झाकून लेकीकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि मग चटकन हात बाजूला केला. पण ताव समोर आला की भीती एक पाऊल मागे सरायची आणि कुतूहल पुढे यायचं. आपल्याच डोळ्यात एक तळं आहे, त्याचा काठ आपण रोज मोजतोय, हे काही प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. तळ्यातून पिवळा रंग उन्हात वाळलेल्या गवतासारखा दिसे, आणि फुगवट्यातली अक्षरं शेजारच्या अक्षरांपेक्षा लहान. फुगलंय तर मोठं दिसायला हवं, मग लहान का? हे तिने नवऱ्याला विचारलं, फिटरमामांना विचारलं. मामा म्हणाले, "डोळ्याला फिटर नसतो, फूटपट्टी. नाहीतर खोलून सांगितलं असतं."

एक महिन्याने अकरा घरं झाली. दोन महिन्यांनी तेरा.

*

दुसऱ्या स्कॅनमध्ये पाणी वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अजून दीड महिना देऊ. नाही उतरलं तर लेझरने झिरपण्याची जागा बंद करायचा विचार करावा लागेल. पण ती जागा नजरेच्या मधल्या बिंदूच्या अगदी जवळ आहे. लेझरचा डाग तिथे कायमचा राहू शकतो. म्हणून मला घाई नाही."

"आणि नुसतंच ठेवलं तर?"

"फार महिने पाणी राहिलं तर खालचा थर खराब होतो. मग पाणी गेलं तरी नजर पुरती येत नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. घरी येताना नवऱ्याला एकही विनोद सुचला नाही.

घरी ज्याला त्याला कारण ठाऊक होतं. सासूबाई म्हणाल्या, "लेकीचा श्वास चालू आहे का म्हणून दहादा उठतेस. डोळा दमणार नाही तर काय? माझी तीन पोरं वाढली, मी एकाचाही श्वास मोजला नाही."

"म्हणून तर तुमचा मोठा घोरतो, आई."

"घोरतो म्हणजे श्वास चालू आहे!" सासूबाईंनी पिल्लूला काखेत घेतलं. "आजपासून ही माझ्याजवळ झोपेल."

झोपली. तीही झोपली, सलग सात-सात तास. घरं तेरा ती तेराच.

मग कारखान्याची वार्षिक दुरुस्ती आली. बारा दिवस यंत्रं बंद, फिटरमामा आणि दोन मदतनीस सोडून सगळ्यांना सुटी. ती घरी होती, पिल्लूमागे धावत होती, कपाटं आवरत होती, डोळ्यांना विश्रांती वगैरे काही नव्हती. पाचव्या दिवशी तिने कुंपण घातलं, घरं मोजली, पुन्हा मोजली.

"अहो आई! बारा!"

आठव्या दिवशी दहा. बाराव्या दिवशी आठ. नवऱ्याने शेजारच्यांना पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. कारखाना सुरू झाला. पहिला आठवडा नऊ. दुसरा आठवडा अकरा.

त्या रविवारी तिने सगळे ताव तारखेवार जमिनीवर मांडले. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत रांग लागली. पिल्लू त्यांवरून पावलं टाकत गेली आणि परत आली. तळं फुगत फुगत जात होतं, मधेच आटत होतं, मग पुन्हा भरत होतं. आटलेले ताव बरोबर सुटीचे.

"झालं तर," नवरा म्हणाला, "नोकरीचा ताण. रजा टाक."

"रजेने बरं होतं हे कळलं. कशाने बिघडतं ते कुठे कळलं?"

"कळून काय करणारेस?"

"तू लिफ्ट बंद ठेवून दुरुस्त झाली म्हणतोस का?"

 स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "बरोबर बोलली."

तिने यादी केली. कारखान्यात आहे आणि घरी नाही असं काय काय? डोक्यावरचा पांढरा उजेड. यंत्राची थरथर. शाईचा वास. एक डोळा मिटून बघणं, आता डाव्याने का होईना. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं तिने ठरवलं, कारण दोन बदलल्या तर श्रेय कुणाला द्यायचं? पण तारीख जवळ आली होती, म्हणून उजेड, थरथर आणि डोळा मिटणं एकदमच बाद केलं: पहिला आठवडा ती यंत्रापासून दूर, खिडकीपाशी बांधणीच्या टेबलावर बसली, तिथे उजेड दिवसाचा आणि तपासणी नाही. मामांनी तपासायला दुसरीला बसवलं आणि दिवसभर कपाळावर आठ्या घेऊन फिरले. आठवड्याअखेर घरं बारा. दुसरा आठवडा नाकाला कापड बांधून बसली. काकू म्हणाल्या, "दरोडा घालायला निघालीस का कुठे?" घरं साडेबारा.

डॉक्टरीणबाईंची तारीख चार दिवसांवर आली. यादी संपली होती.

शुक्रवारी सुटायच्या वेळी ती हात धुवायला गेली. बाळंतपणाच्या रजेवरून ती परतली तेव्हा कारखान्यात नवी निळी शाई आली होती. जाता जात नसे. शाई घालवायला ठेवलेला साबण असा जहाल की हातांना भेगा पडत. बाकीच्या बायका दिवसातून दोनदा हात धुवायच्या, ही आठ-दहादा, कारण हेच हात घरी गेल्यावर लेकीला लागणार.

"रक्त काढशील आता," शेजारच्या नळावरून काकू म्हणाल्या, आणि नेहमीसारखा बेसिनखालचा ड्रॉवर पायाने उघडला. "घे, लाव."

ड्रॉवरमध्ये ती ट्यूब होती. सगळ्यांची मिळून एकच, काकूंनी आणलेली, संपली की पुन्हा आणलेली. तिचं नाव जादूची ट्यूब. भेगांवर लावली की दुसऱ्या दिवशी हात लोण्यासारखे. तिने झाकण उघडलं, बोटावर पांढरी अळी काढली आणि हात तिथेच थांबला.

घरी ती ही लावत नसे. कधीच नाही. घरी गेल्या गेल्या पिल्लू तिची बोटं तोंडात घालायची, म्हणून कारखान्यातून निघताना ती हात पुन्हा स्वच्छ धुवायची आणि घरी नुसतं तेल लावायची. सुटीच्या बारा दिवसांत बारा दिवस तेल.

उजेड, थरथर, वास. सगळं तिने अंगाबाहेर शोधलं होतं.

"काकू, हिच्यावर काय लिहिलंय?"

"काय लिहिणार? मलम म्हणून."

ट्यूब शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत आणलेली, नाव त्या गुंडाळीच्या आत. तिने गुंडाळी उलगडली, चुरगळलेला पत्रा नखाने सपाट केला. अक्षरं मुंगीएवढी. उजव्या डोळ्याला ती वाचवेनात. तिने उजवा झाकला आणि डाव्याने एकेक अक्षर वाचत गेली. तेव्हा त्या लांब रसायनाच्या नावाखाली बारीक अक्षरांत 'स्टिरॉइड' हा तोच शब्द सापडला, जो डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांना आणि इंजेक्शनला लावला होता. तिने तेव्हा मान हलवून 'काहीच नाही' म्हटलं होतं, आणि ते अगदी मनापासून म्हटलं होतं. हाताला लावतात ते काय औषध असतं?

तिने बोटावरची अळी बेसिनच्या काठाला पुसली.

*

दुसऱ्या दिवशी, तारखेच्या आधीच, ती ट्यूब आणि ताव घेऊन दवाखान्यात पोचली. बाहेरच्या मुलीने सांगितलं, तारीख मंगळवारची आहे. ती म्हणाली, "मी बसते." आणि बसली, दोन तास.

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब उलटीसुलटी करून वाचली. मग ताव बघायला घेतले. एकेक करत सगळे. खोलीत फक्त कागदांचा आवाज.

"दिवसातून किती वेळा लावत होतात?"

"हात धुतले की."

"आणि हात किती वेळा धुता?"

"आठ. दहा." तिला उगाचच लाज वाटली.

"किती दिवस?"

"वर्ष झालं."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "हे तीव्र जातीचं मलम आहे. भेगाळलेल्या कातडीतून चांगलंच आत जातं. मी तुम्हाला गोळ्या विचारल्या, इंजेक्शन विचारलं, पंप विचारला. मलम विचारलं नाही. ती माझी चूक."

डॉक्टर असं म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. आम्ही त्याला जादूची ट्यूब म्हणतो."

बाई पहिल्यांदा हसल्या. "हेच कारण, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. हा आजार मलमाशिवायही होतो. तुमचे कागद तिकडे बोट दाखवतायत, एवढंच. मलम आजपासून बंद. हातांसाठी त्वचेच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, त्यांना डोळ्याचंही सांगा. लेझरचा विचार दोन महिने बाजूला ठेवू."

"पुन्हा वाट बघायची?"

"हो. पण आता कशाची बघतोय ते ठाऊक आहे."

सोमवारी कारखान्यात सगळ्यांत अवघड काम काकूंना सांगणं. तिने जेवणाच्या सुटीत बाजूला घेऊन सांगितलं. काकूंनी डबा बंद केला.

"म्हणजे मी घालवला तुझा डोळा?"

"तसं कुठे म्हणतेय मी?"

"तसंच झालं की. मी पायाने ड्रॉवर उघडून देत होते. ट्यूब आयती तुझ्या हातात." त्यांचा आवाज चिरकला. "दुकानदार म्हणाला, सगळ्यावर चालतं. मी स्वतः तीन वर्षं लावतेय."

"तुम्हाला दिसतं ना नीट?"

"मला काय धाड भरलीय!" काकू फणकारल्या, आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "दिसत असेल. कोण बघायला गेलंय?"

त्या दुपारी मोजणीच्या टेबलावर, मालक फिरकायच्या आत, सहा बायका एकेक डोळा झाकून चौकटीच्या तावाकडे बघत बसल्या. सगळ्यांना घरं सरळ दिसली. काकूंनी दोनदा बघितलं, खात्री म्हणून. फिटरमामांनीही बघितलं, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, "घरं सरळ आहेत. छपाईत शाई कमी पडलीय तेवढी." ट्यूब काकूंनी कचऱ्यात टाकली, जहाल साबण मालकांना दाखवून बदलून घेतला, आणि तिच्यासाठी पातळ सुती हातमोजे आणले. "आत घाल, वर रबरी घाल. आता हे दुकानदाराने नाही, त्वचेच्या डॉक्टरने सांगितलंय."

पहिला आठवडा घरं साडेबाराच राहिली. हातांना मात्र भेगा इतक्या पडल्या की दोऱ्याला गाठ मारवेना. ती गाठ नवऱ्याने मारून दिली. मनात पाल चुकचुकली. मलम नव्हतंच तर? फुकटच काकूंच्या जिवाला घोर लावला तर? दुसऱ्या आठवड्यात दहा. मग एकदम सात. मग चार दिवस सातच, आणि ती चार दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही. मग पाच, साडेचार, तीन.

त्यापुढे मोजणं अवघड झालं, कारण कुंपण कुठे घालायचं तेच कळेना. एक रेघ ठिपक्यापाशी किंचित थरथरल्यासारखी दिसायची, उन्हाने तापलेल्या रस्त्यापलीकडचा खांब थरथरतो तशी. एका सकाळी तीही स्थिर होती. तिने दोरा नाकाला लावला, डोळा झाकला, बघितलं, दोरा सोडला, पुन्हा लावला. घर एकही वाकलं नव्हतं.

"मजला?" नवऱ्याने विचारलं.

तिने तावाकडे बोट केलं. तो कप घेऊन जवळ आला, कुंपण नसलेला ताव बघितला, आणि कप खाली ठेवायची आठवण न राहून तसाच उभा राहिला.

*

स्कॅनमध्ये पडदा आपल्या जागी टेकलेला होता. पहिला स्कॅन शेजारी ठेवून डॉक्टरीणबाईंनी दाखवलं. आधी इथे टेकडी होती, आता सपाट माळ.

"पुन्हा येईल?"

"काहींना येतं. तुम्हाला येणारच नाही, असं लिहून देता येत नाही."

"मग रोज बघत राहीन."

"नाही. महिन्यातून एकदा. रोज बघाल तर नसलेलंही दिसायला लागेल. काळोख सरकला, विजा चमकल्या तर मात्र तारीख-बिरीख न बघता यायचं."

ती मान डोलावून उठली आणि दाराशी थांबली. "एक विचारू? घरं सरळ झाली, पण उजव्या डोळ्याने पिवळा अजून जरा मळकट दिसतो. डाव्याने लख्ख. खरा पिवळा कोणता?"

"रंग हळूहळू सुधारेल, कदाचित थोडा फरक राहीलही," बाई म्हणाल्या. मग त्यांनाही प्रश्न आवडला असावा. "दोन्ही डोळे उघडे ठेवलेत की कोणता दिसतो?"

तिने कधी बघितलंच नव्हतं. साडेपाच महिने ती प्रत्येक गोष्ट एकेका डोळ्याने बघत आली होती. आधी आरोपी उजवा, मग साक्षीदार डावा.

घरी आली तेव्हा सासूबाई पिल्लूला स्वेटर चढवत होत्या. पिवळा. एक बाही आत, एक बाहेर, आणि पिल्लू अर्ध्यातच सुटून तिच्याकडे धावत आली. तिचा डावा हात सवयीने डोळा झाकायला वर गेला. तिने तो तसाच पुढे नेला आणि लोंबणाऱ्या बाहीत लेकीचा हात घालून दिला. पिल्लूने तिची बोटं पकडली, सुती हातमोज्यासकट तोंडात घातली, चव न आवडून थूः केलं.

स्वेटर ना लख्ख होता, ना मळकट. तिने डोळे मिटले नाहीत. पिवळा होता.